बासीलीचा राहिलेला तिसरा दिवस

इब्राहिमिया, अलेक्झांड्रिया
९ ऑक्टोबर १९८७

प्रिय वहिनी,

प्रभूची शांती तुझ्या दारात उभी असो. आत घ्यायची की नाही ते तू ठरवशील, तुझा काही नेम नाही.

पत्राचं कारण सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे चष्मा पुसत शेवटपर्यंत शोधायला नको. तू इकडे राहायला ये. चार दिवसांसाठी नव्हे, कायमची.

बासीलीदादाला जाऊन सहा महिने होत आले. एवढ्या मोठ्या घरात तू एकटी. चर्चची माणसं चांगली आहेत, शेजारची उम्म रजबही चांगली आहे, पण चांगली माणसं संध्याकाळी आपापल्या घरी जातात. तुला मूलबाळ नाही. मला एकच फायेझ, आणि तोही दिवसभर त्याच्या औषधांच्या दुकानात. सून मेरवत शाळेत शिकवते. मुलं त्यांच्या अभ्यासात. दुपारभर मी खिडकीत बसून खालच्या ट्रामा बघते. दोन म्हाताऱ्या मिळून ट्रामा बघू, काय बिघडलं?

तुझ्यासाठी एक खोली मोकळी आहे. तिथून समुद्र दिसतो. म्हणजे कठड्यावरून मान बाहेर काढली तर दिसतो, पण दिसतो. चर्च चार पावलांवर. आमचे अबूना तरुण आहेत, प्रवचन लांबवत नाहीत.

तू काय म्हणशील मला ठाऊक आहे. म्हणशील, या वयात कुठे घर हलवू. तर ऐक. तुझ्या समोरच्या डोंगरावर आई मरियम बाळाला घेऊन थांबली होती, म्हणून दरवर्षी सगळा मुलूख तिथे नवस फेडायला लोटतो. पण ती थांबली होती, वहिनी. राहिली नव्हती.

उत्तर लवकर दे. तुझं लवकर म्हणजे कधी ते मला माहीत आहे, म्हणून आजच विचारते आहे.

तुझी,
बलसम

*

नझला, मिन्या
२८ ऑक्टोबर १९८७

वन्सं,

पत्र पोचलं. समुद्र, ट्रामा आणि तरुण अबूना, सगळं वाचलं. मी येणार नाही. याच्यापुढे वाचायची तशी गरज नाही, पण कागद उरलाय म्हणून लिहिते.

तुम्ही म्हणता मी एकटी आहे. मी एकटी नाही. तुमचे दादा अजून घरात आहेत.

हसू नका. तुम्ही याच घरात वाढलात, इथल्या रीती विसरला नसाल. माणूस गेला की त्याचा आत्मा तीन दिवस घरातच घोटाळतो. तिसऱ्या दिवशी अबूना येतात, धूप फिरवतात, प्रार्थना म्हणतात, पाणी शिंपडतात, आणि मग तो निघतो. तुमच्या आईचं झालं तेव्हा तुम्हीच खिडकी उघडली होती, मला आठवतं.

तुमच्या दादांचं ते झालंच नाही. ते गेले मंगळवारी, पवित्र सप्ताहात. त्या आठवड्यात कुणासाठी धूप नाही आणि कुणासाठी अंत्यविधी नाही. प्रभूच्याच दुःखाचा आठवडा तो, आपलं दुःख मध्ये आणायचं नसतं. म्हणून झावळ्यांच्या रविवारी उपासना संपली की लगेच सगळ्या मंडळीचा अंत्यविधी आगाऊ होतो. पुढच्या आठवड्यात जो कुणी मरेल, त्याचा तोच.

म्हणजे तुमचे दादा स्वतःच्या अंत्यविधीला हजर होते, हातात झावळी धरून. आणि मी नव्हते. मी प्रसाद घेतला आणि मासे तळायला घरी आले, कारण त्यांना गरम लागत. ते घरी येऊन म्हणाले, "चला, सगळ्या गावाचा एकदम उरकला. वाढ." दोन मासे खाल्ले, तिसरा अर्धा टाकला. मंगळवारी गेले. त्यांना चर्चमध्ये ठेवलं, त्या तासाचं जे वाचन चाललं होतं तेच वाचलं गेलं, आणि उचलले. त्यांचं नावही कुणी घेतलं नाही. तिसरा दिवस आला पवित्र गुरुवारी. घरात कुणी आलं नाही, येणारच नव्हतं.

तर आता सांगा, ज्यांना कुणी निरोपच दिलेला नाही, त्यांना इथे एकटं सोडून मी तुमच्या ट्रामा बघायला कशी येऊ? पहाटे ओट्यावर खाकरतात ते मी ऐकते. त्यांचा पेला मी रोज भरते.

उम्म रजबने तुम्हाला सलाम सांगितलाय. ती म्हणते बलसमला सांग, समुद्राची हवा डोक्याला चढते.

तुमची,
रिफ्का

*

अलेक्झांड्रिया
१२ नोव्हेंबर १९८७

प्रिय वहिनी,

मी हसले नाही. उलट रडले, आणि मग माझं डोकं असं फिरलं की मेरवतने विचारलं, "आई, कुणाशी भांडताय?" मी म्हटलं, नझल्याच्या अबूनांशी.

पवित्र सप्ताहाचं मला कळतं. पण ईस्टरनंतर? सण झाल्यावर एक दिवस तुझ्या घरी येऊन चार ओळी म्हणायला त्यांना काय झालं होतं? त्यांच्या वडिलांच्या लग्नात दादाने ढोल वाजवलाय. एका विधवेला सहा महिने ताटकळत ठेवायचं म्हणजे काय! मी त्यांना खरमरीत पत्र टाकलंय. अबूना आहेत म्हणून शेवटी "आपला आशीर्वाद असू द्या" एवढं लिहिलं, बाकी काही सोडलं नाही.

एकदा ते झालं की तुझी अडचण संपली. मग मी तुझं काही ऐकणार नाही. खोली मी रंगवून घेतेय, फिका निळा. फळ्यांवरची मुलांची पुस्तकं काढून टाकली. मोठं कपाटही रिकामंच आहे.

एक विचारू? रागावू नको. त्याच्या खाकरण्याचं तू खरंच म्हणतेस? उम्म रजबची म्हैस तुझ्या भिंतीला लागूनच असते ना अजून?

तुझी,
बलसम

*

नझला
२५ नोव्हेंबर १९८७

प्रभूत प्रिय भगिनी बलसम यांस,
कृपा आणि शांती.

आपलं पत्र मिळालं. आपण माझ्याविषयी जे लिहिलंत त्यातलं बरंचसं माझ्या बाबतीत खरंच असेल, म्हणून मी ते जपून ठेवलंय. मात्र या एका बाबतीत माझा दोष नाही.

पुनरुत्थानाच्या सणानंतर पहिल्याच आठवड्यात मी धूपदान घेऊन रिफ्काआजींच्या दारात गेलो. त्या म्हणाल्या, "अबूना, हे पन्नास दिवस आनंदाचे. आता नको." बरोबर होतं त्यांचं. ते पन्नास दिवस संपल्यावर गेलो. म्हणाल्या, प्रेषितांचा उपवास लागलाय, अंगात ताकद नाही. नंतर गेलो तर आई मरियमचा उपवास होता. मग भट्टी लावली होती, भाकरी उन्हात फुगत होत्या, दार उघडं टाकून चालणार नव्हतं. प्रत्येक वेळी मला साखर जास्त घातलेला चहा मिळाला. धूपदानातले निखारे मात्र मी परत घेऊन आलो.

मी त्यांना समजावलं की बासीलीभाऊ प्रभूजवळ आहेत. आपली प्रार्थना मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी असते, आत्म्याला दार दाखवायला नव्हे. त्या म्हणाल्या, "बरं." त्यांचं "बरं" आपल्याला माहीत असेलच.

आज नाताळचा उपवास सुरू झाला. आमच्यासाठी प्रार्थना करा.

आपला,
मत्तियास, अयोग्य सेवक

*

अलेक्झांड्रिया
६ डिसेंबर १९८७

वहिनी,

अबूनांची माफी मागणारं पत्र आज टाकलं. माझ्या आयुष्यात मी इतकं गोड पत्र कुणाला लिहिलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

तू मला लिहिलंस, कुणी आलं नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलंस आणि मला लिहिलंस कुणी आलं नाही! मी इथे दादासाठी रडत होते. रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून म्हणत होते, प्रभू, माझ्या भावाला वाट दाखव. आणि तू तिकडे वाटेवर आडवी पडलेली.

मला कळलंय वहिनी. ती प्रार्थना झाली की तो जाईल, म्हणून तू ती होऊ देत नाहीस.

माझं हे चुकीचं असेल तर तसं लिही. बरोबर असेल तरी लिही. पण आता खोटं लिहू नको. आपल्या दोघींत खोटं बोलायचं असेल तर मग पत्र कशाला, सणाचं कार्ड पाठवलं तरी पुरे.

बलसम

*

नझला
२९ डिसेंबर १९८७

वन्सं,

खोट्याचं तुम्ही काढलंत ते बरं झालं.

गेल्या आठवड्यात फायेझ येऊन गेला. तुम्ही त्याला पाठवलं नव्हतं हे मला तो आल्या आल्या कळलं, कारण त्याच्या हातात तुमचा एकही डबा नव्हता. मिन्याहून गाडी करून आला होता. आधी मामाच्या कबरीवर गेला, मग घरी. ओट्यावर बसला. उपवास म्हणून मी काकवी आणि उन्हाची भाकर पुढे ठेवली. पोरगं खाईना. भिंतीकडे बघ, छताकडे बघ, ज्या खोलीत तो जन्मला त्या खोलीच्या दारात जाऊन उभं राहा. चाळिशी उलटलेला माणूस, पण मला ते ओलं बाळच दिसत होतं. तुम्ही बाळंतपणाला आलात आणि तापाने फणफणलात, तेव्हा चाळीस दिवस त्याला मी न्हाऊ घातलंय.

मग म्हणतो, "मामी, आईने सांगितलं ना तुम्हाला सगळं?"

मी म्हटलं, "सांगितलं तर!"

नाही म्हटलं असतं तर त्याचा चेहरा कसा झाला असता ते मला बघायचं नव्हतं. हो म्हटलं तेव्हा मोकळा झाला आणि बोलायला लागला. सिडनी. ऑस्ट्रेलिया. कागद आले. मेरवतचा भाऊ तिथे आधीच आहे. ईस्टर झाला की निघायचं, सगळ्यांनी. मी मान हलवत बसले, जणू मला जुनीच गोष्ट कुणी पुन्हा सांगतंय. मग म्हणाला, "तुम्ही आईजवळ राहायला येताय म्हणून मी जाऊ शकतो, मामी. नाहीतर माझ्याने पाऊल उचललं नसतं. पण नक्की ना? तुमच्या तोंडून ऐकायला आलोय."

त्या क्षणी मला तुमची फिकी निळी खोली कळली. मुलांची पुस्तकं फळीवरून कुठे गेली ते कळलं. मोठं कपाट रिकामं का ते कळलं. मी इथे मनात म्हणत होते, बलसमला माझी काळजी, देव तिचं भलं करो. आणि तुम्हाला घरात बसवायला एक म्हातारी हवी होती!

दादांच्या बाबतीत मी खोटं बोलले, ते बोलले. तुमचं बरोबर आहे, मी त्यांना जाऊ देत नाही. आता मी ते कबूल केलंय, तर तुमची पाळी.

फायेझला मी भाकरी बांधून दिल्या. त्यातली एक तरी तुमच्या ताटात आली असेल अशी आशा आहे.

रिफ्का

*

अलेक्झांड्रिया
११ जानेवारी १९८८

प्रिय वहिनी,

नाताळच्या जेवणात भाकर आली. फायेझ म्हणाला, "नझल्याला कामाने गेलो होतो, मामी बऱ्या आहेत." एवढंच. मी घास तोंडात धरून बसले.

सगळं सांगते. गेल्या उन्हाळ्यात त्याने विचारलं, "आई, चल आमच्याबरोबर." चांगलं विचारलं, जीव लावून विचारलं. मी माझ्या खोलीत गेले आणि त्या देशात स्वतःला बसवून पाहिलं. नातवंडं आपसात इंग्रजी बोलताहेत. मी काही म्हटलं की मेरवत त्यांना त्याचा अर्थ सांगतेय. शेजारीण कोण ते ठाऊक नाही. मासळीवाल्याशी घासाघीस करता येत नाही. आणि एक दिवस मी मरतेय, आणि तिथल्या चर्चमध्ये माझं नाव कुणाला नीट म्हणताही येत नाही. मला ते जमणार नाही, वहिनी. देव तिथेही आहे हे मला माहीत आहे. पण मी तिथे नसेन.

आणि नाही म्हटलं असतं तर तो थांबला असता. माझं पोर मला ठाऊक आहे. माझ्या उतरत्या वयासाठी इथेच थांबला असता आणि कधी एका शब्दाने बोलला नसता, आणि ते न बोलणं मी रोज ऐकत बसले असते.

म्हणून म्हटलं, "मला कशाला नेतोस? रिफ्का येतेय माझ्याकडे राहायला. ठरलंय आमचं." तोंडातून गेलं. त्याचे डोळे असे उजळले की परत घेता आलं नाही. आणि मग तुला पत्र लिहिलं. वाटलं, महिन्याभरात आणते हिला, म्हणजे खोटं राहणार नाही. कुणाशी गाठ आहे ते विसरले.

पण तू म्हणतेस तसं नाही. घरात बसवायला कुणीही म्हातारी मिळते. वरच्या मजल्यावर एक ग्रीक बाई आहे, तिचं मांजरसुद्धा आहे. मला तू हवी होतीस. तू नवी नवरी होऊन आलीस आणि मी परकरातली पोर दारामागून तुला बघत होते तेव्हापासून मला जे कुणी ओळखतं, त्यातलं जिवंत आता तूच आहेस. दादा गेला, आई गेली, माझा नवरा गेला. तुझ्यासमोर मी कुणाची आई नसते, कुणाची सासू नसते. तुझ्यासमोर मी बलसम असते.

आता मला एकच सांग. त्याने तुझ्या तोंडून ऐकायला विचारलं, तेव्हा तू काय म्हणालीस? मी त्याला विचारू शकत नाही. विचारलं तर माझं बिंग फुटेल. तो काही बोलत नाही. सामान विकतोय, म्हणजे तू नाही म्हणाली नसशील. पण तू गोल बोलण्यात किती पटाईत आहेस ते अबूनांना विचारावं. काय म्हणालीस, वहिनी?

तू मेलेल्या माणसाला धरून बसलीस आणि मी जिवंत माणसांना सोडून बसले. आपल्या दोघींत शहाणी कोण, प्रभूच जाणे.

तुझी,
बलसम

*

नझला
२२ जानेवारी १९८८

वन्सं,

परवा बाप्तिस्म्याचा सण झाला. अळकुड्या केल्या, ऊस आणला. माझे दात उसाला लागत नाहीत, उम्म रजबच्या नातवंडांना दिला. पाण्याच्या आशीर्वादाला गर्दी होती. अबूनांनी सगळ्यांवर शिंपडलं, माझ्यावर जरा जास्तच.

तुम्ही विचारलंत ते आज लिहीत नाही. माझा राग अजून उतरलेला नाही. पण तुम्ही तुमचं इतकं मोकळं लिहिलंत, तर माझंही थोडं लिहिते.

तुमचे दादा जिवंत होते तेव्हा घरात नसत. वाईट म्हणून नव्हे, पुरुष होते म्हणून. दिवसभर शेतात, संध्याकाळी चर्चच्या ओट्यावर, तिथून कुणाच्या तरी भांडणात मध्यस्थी करायला. घरी आले की जेवण आणि झोप. आमच्यात बोलणं किती झालं असेल? मूल झालं नाही तेव्हाही त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण त्याबद्दल बोललेही नाहीत. मला वाटायचं, एकदा तरी या माणसाने बसून माझ्याशी रडावं.

गेल्यापासून ते घरी आहेत. सकाळी आहेत, दुपारी आहेत. मी त्यांच्याशी बोलते. जे कधी बोलले नव्हते तेही बोलते, मुलांचंसुद्धा. ते ऐकतात. उभ्या संसारात मला नवरा एवढा कधी मिळाला नव्हता, वन्सं. आणि अबूना धूपदान घेऊन येतात आणि म्हणतात, आता निरोप द्या. कसा देऊ?

हे देवाला आवडत नसेल. मी रोज सकाळी त्याला म्हणते, तुझ्याजवळ एवढे आहेत, हा एक मला अजून थोडा राहू दे. आणि मग मला लाज वाटते आणि मी दुसरी प्रार्थना म्हणते.

आता माझ्यामागे लागू नका.

रिफ्का

*

अलेक्झांड्रिया
१ फेब्रुवारी १९८८

वहिनी,

मागे लागत नाही.

मी फायेझला सांगणार आहे की मी त्यांच्याबरोबर येते. दोन आठवडे गेले की सांगेन. माझे कागद व्हायला वेळ लागेल, तोवर मेरवतची बहीण ठेवून घेईल. आज योनाचा उपवास सुरू झाला. चर्चमध्ये त्याची गोष्ट वाचत होते आणि मला वाटलं, हा देवापासून पळत होता, पण निदान स्वतःच्या मर्जीने जहाजात बसला होता.

तू दादाला जप. तो घरात नव्हता हे मला कधी कळलंच नव्हतं. मला तो नेहमी घरातच दिसायचा, कारण मी माहेरी आले की तो शेतावर जातच नसे. त्यासाठी तुझी क्षमा मागते. तुझ्या वाटचे दिवस मी नेले.

मला वर्षातून एक पत्र टाकत जा. पत्ता कळवीन.

तुझी,
बलसम

*

नझला
१३ फेब्रुवारी १९८८

वन्सं,

हे पत्र मिळाल्यावर आधी शेवटपर्यंत वाचा आणि मगच फायेझशी बोला. तुमची बोलायची घाई मला माहीत आहे.

गुरुवारी अबूना आले. मी निरोप धाडला होता. परवा सोमवारी मोठा उपवास लागतो, म्हटलं त्याच्या आधीच होऊन जाऊ दे, नाहीतर मला पुन्हा कारण सापडेल. त्यांचा विश्वास बसेना. दारातच उभे राहिले. म्हणाले, "आजी, चहा नको, आधी प्रार्थना करू." शिकले म्हणायचे.

उम्म रजब येऊन बसली. तिला आपली प्रार्थना कळत नाही, पण रडायचं कुठे ते बरोबर कळतं. अबूनांनी धूप फिरवला, सगळ्या खोल्यांतून, तुमच्या बाळंतपणाच्या खोलीतूनही. मग नाव घेतलं. "तुझा सेवक बासीली." चर्चमध्ये जे घेतलं गेलं नव्हतं ते त्या भिंतींत घेतलं गेलं, मोठ्याने. मला वाटलं होतं मी कोसळेन. नाही कोसळले. मी उठले आणि खिडकी उघडली. कुणी सांगितलं नव्हतं, हात गेला.

झाल्यावर मी विचारलं, "गेले का?"

अबूना म्हणाले, "ते तर गेल्या वर्षीच गेले, आजी. आज तुम्ही निघालात."

अबूनांना अशी वाक्यं फार आवडतात. रविवारी प्रवचनात वापरतील बघा. पण मग मी चहा केला, आणि पेले मांडताना माझी मी तीनच मांडले. चौथा, त्यांचा, हातात आलाच नाही. तेव्हा रडले. उम्म रजबने मला धरलं आणि म्हणाली, "रड बाई, वर्षाचं साठलंय." खूप रडले. दुसऱ्या दिवशी पहाटे ओट्यावर शांत होतं. आधीही शांतच असणार. मी मनाशी ठरवून ऐकत होते.

आता तुमच्या प्रश्नाचं. त्या दिवशी फायेझने विचारलं, नक्की ना, मामी? तुम्ही दोनदा विचारलंत, मी काय म्हणाले. मी हो म्हणाले.

लगेच म्हणाले. सिडनी कुठे आहे ते कळायच्या आधी, तुमच्यावर राग यायच्याही आधी. पोराने विचारलं आणि मी हो म्हणाले. तो उठला आणि त्याने माझा हात डोळ्यांना लावला, आणि मी त्याच्या केसांवरून हात फिरवला तर मागे टक्कल पडलेलं. त्याला दिलेला शब्द मी मोडणार नव्हतेच. मोडायचा विचार एकदाही आला नाही.

मग एवढं भांडले कशाला? कारण हो म्हणून झालं होतं. जायचं ठरलं होतं आणि त्यांना कसं सोडायचं ते कळत नव्हतं, आणि राग काढायला मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही. तुम्ही योनाच्या उपवासात मला ते पत्र लिहिलंत, तुम्ही जाताय म्हणून, तेव्हा मला कळलं की मी फार ताणलं. ते वाचून मी त्याच दिवशी अबूनांना निरोप पाठवला. आपल्या घरातलं एक माणूस मी गेल्या वर्षी निरोप न देता पाठवलं. दुसरं पाठवणार नाही.

घराची किल्ली उम्म रजबकडे देतेय. भट्टी ती वापरेल. कबुतरं तिच्या नातवंडांना दिली. चर्चमध्ये मी पुष्कळांना सांगितलं की अलेक्झांड्रियाला वन्संना माझी गरज आहे म्हणून जातेय. एक म्हातारी म्हणाली, "देवाने तुला त्यांच्यासाठी ठेवलं." मी म्हटलं, नाही बाई. मला तिथे जायचंय. आयुष्यभर मला देवाने कुठेतरी ठेवलं; या वेळी माझी मी जातेय, आणि मला वाटतं त्यालाही ते बरं वाटत असेल.

फायेझला तुम्ही काही सांगू नका. त्याला जे माहीत आहे तेच खरं आहे, आणि पहिल्यापासून तेच खरं होतं.

उपवासाचा पहिला आठवडा इथे करते, मग निघते. शनिवारी सकाळची गाडी, संध्याकाळी तुमच्याकडे. स्टेशनवर पोराला पाठवू नका. तुम्हीच या. गुडघे दुखत असले तरी या, टॅक्सी करून या. गाडीतून उतरल्यावर त्या सगळ्या गर्दीत मला ओळखीचं एकच तोंड हवंय.

तुमची,
रिफ्का